अय्यूबची बिनदुधाची कॉफी

माझा धाकटा भाऊ अय्यूब शारजात कॉफी भाजायच्या कामाला होता. लोक तिकडून सोनं आणतात, याने भट्टी आणली! पनवेलमध्ये आमच्याच घराखालच्या गाळ्यात ती मांडली आणि ओडिशातल्या कोरापूटच्या डोंगरातल्या एका शेतकरी कुटुंबाची कॉफी विकायला बसला. एकाच डोंगराची, एकाच घरची, त्यात दुसरी मिसळायची नाही. दूध नाही, साखरही नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "भाई, जरा दूध टाक ना," की हा हात जोडून त्याला पलीकडच्या चहावाल्याकडे पाठवणार. अरे, धंदा करतोयस की शाळा चालवतोयस?

गाळा माझ्या नावावर, म्हणून जीव माझा जळायचा. त्यात वासाचा जाच. कॉफी आजूबाजूचा वास ओढून घेते म्हणे, म्हणून वर माझ्या स्वयंपाकघरात बोंबील तळायचे नाहीत. अत्तर लावून दुकानात उतरायचं नाही. पनवेलात राहून बोंबील नाही म्हणजे काय! शेवटी मी ठणकावलं, "ईदपर्यंत मोठं गिऱ्हाईक आण, नाहीतर गाळा मोबाइलवाल्याला देते."

गिऱ्हाईक मिळालंसुद्धा. नेऱ्याला फार्महाउस चालवणारा सुशांत. पाहुण्यांसाठी दर महिन्याला कॉफी घेईन म्हणाला, फक्त आधी चव बघायची होती. यायचा दिवस नेमका जुमेरात, गुरुवार.

जुमेरातच्या संध्याकाळी आम्ही घरात लोबान फिरवतो, बरकत राहावी म्हणून. दुकानात मात्र अय्यूबने तो कधी येऊ दिला नव्हता. त्या दिवशी त्याचाच धीर सुटला. नुकत्याच भाजलेल्या बिया गार व्हायला पसरलेल्या, आणि हे शहाणं बाळ निखाऱ्यावर लोबान टाकून कोपरान्‌कोपरा धुपवतंय! मी जिन्यावरून ओरडले, "अरे, काय करतोयस?"

"आपा, आज तरी बरकत नको का?"

कपाळावर हात मारून घेतला मी. तेवढ्यात सुशांत आलाच.

त्याने त्याच बियांच्या कॉफीचा घोट घेतला, डोळे मिटले. "वा! काय धुपासारखा वास आहे! अशी कॉफी मी कुठेच प्यायलो नाही. हीच पाहिजे मला."

या अल्ला, याला आता गप्प ठेव, मी मनात म्हटलं. पण गप्प बसला तर तो अय्यूब कसला?

"हा वास कॉफीचा नाही, लोबानचा आहे. चूक माझीच. थांबा, बंद डब्यातली करून देतो."

ती पिऊन सुशांतने तोंड वाकडं केलं. "आंबट लागते हो. लोबानवालीच द्या की. पाहुण्यांना कुठे कळतंय?"

"नाही जमणार," अय्यूब म्हणाला. "त्या शेतकऱ्यांनी एकेक पिकलेलं फळ बघून तोडलंय. त्याची चव झाकून विकू?"

सुशांत गेला. मी भांडायलाच खाली उतरले. "कुणी चव ओळखत नाही म्हणून ओरडत होतास ना? एकाने ओळखली, ती लोबानची! उद्याच बोलावते मोबाइलवाल्याला."

तो फडकं घेऊन ओटा पुसत राहिला.

किटलीत ती बंद डब्यातली उरली होती. आजवर मी दूध घालूनच प्यायले होते. रागारागाने तशीच काळी कपात ओतली. एवढं काय आहे हिच्यात, बघू तरी! आधी आंबट लागली. मग जिभेवर हळूहळू गोड होत गेली, कर्नाळ्याच्या पिकल्या करवंदासारखी.

माझं डोकं आणखीनच फिरलं. चांगली होती मेली! आता याला गाळा रिकामा कर म्हणून कुठल्या तोंडाने सांगू?