आरसेवाला दुवी

आमच्या कुर्न्याच्या डोंगरात घरं कमी आणि थडगी जास्त. घरांच्या खालीसुद्धा थडगीच. त्यामुळे ती उकरायला खवागे, म्हणजे परदेशी साहेब, आले की गावातल्या प्रत्येकाला काही ना काही काम मिळायचं. कोणी खणायचं, कोणी पाट्या उचलायचं, कोणी त्यांच्या गाढवांना पाणी पाजायचं. दुवी आरसा धरायचा.

ऐकायला हे काम सोपं वाटतं. थडग्याच्या पोटात मिट्ट काळोख, चित्रं नेमकी तिथल्याच भिंतींवर, आणि खवाग्याला हवेत त्यांचे फोटो. मशाल नेली तर काजळी धरते. म्हणून दुवी दारात उन्हात उभा राहायचा आणि छातीएवढ्या आरशाने ऊन आत ढकलायचा. फोटोच्या पेटीचा डोळा उघडा असेपर्यंत, म्हणजे किटलीभर चहा उकळेपर्यंत, तो झोत भिंतीवर सारखा फिरता ठेवायचा, बाई भिंत लिंपते तसा. एका जागी झोत रेंगाळला की पेटीतल्या ज्या काचेवर फोटो उमटायचा तिच्यावर तिथे डाग पडायचा आणि खवागा त्याच्या भाषेत शिव्या द्यायचा. दुवीने या शिव्या फारशा खाल्ल्या नाहीत. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे तोच सगळ्यांना सांगायचा.

दुवीची बायको वहीबा. हिचं बूड एका जागी टेकलेलं कोणी पाहिलं नाही. भाकरीची कणीक उन्हात फुगायला ठेवून ही तेवढ्यात नदीवर जाऊन यायची. दुवी म्हणायचा, "अगं, जेवताना तरी बस." ती म्हणायची, "तू बसतोस ना, तेवढं पुरे घराला."

फोटोत भिंतीपाशी एक माणूस बसवायची खवाग्याची पद्धत होती. माणूस दिसला की भिंत केवढी ते पाहणाऱ्याला कळतं. हे काम तायाचं. एकदा ताया भावाच्या लग्नाला गेला तो गेलाच, आणि खवाग्याची बोट सुटायची वेळ आलेली. तेवढ्यात वहीबा भाकरी-चीज घेऊन आली. खवाग्याने तिच्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं. त्याच्या हाताखालच्या बिशाराने चाचरत सांगितलं, "दुवीभाऊ, साहेब म्हणतात, वहिनींनी नुसतं बसायचंय. हलायचं नाही."

"बायका फोटोला बसत नसतात," दुवी म्हणाला.

"पाय मोडून आलेत माझे," वहीबा म्हणाली. "बसायला सांगणारं कोणीतरी भेटलं आज. शफीकाच्या बापा, जरा सरक." आणि दुवी पुढे काही बोलायच्या आत ती आत जाऊन टोपली मांडीवर घेऊन बसलीसुद्धा.

दुवीने आरसा उचलला. खवाग्यापुढे बोलायची सोय नव्हती, पण हात त्याचा होता. त्याने भिंत लिंपली, छत लिंपलं, कोपरे लिंपले. वहीबाच्या टोपलीपर्यंत, तिच्या हातांपर्यंत ऊन नेलं आणि तिथून उचलून पलीकडे टाकलं. चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. भर उन्हात उभ्या माणसाला आतलं तेवढंच दिसतं, जेवढ्यावर त्याचा झोत पडतो. म्हणजे तिचा चेहरा त्यालाही दिसत नव्हता. पण ती कुठे बसलीय हे त्याला बरोबर ठाऊक होतं, आणि हात चुकला नाही.

ताया लग्नाहून परतल्यावर चहाच्या दुकानात कल्ला झाला. "मी दोन घास खायला गेलो आणि वहिनींनी माझी नोकरी खाल्ली," ताया म्हणाला. "आता वहिनी विलायतेला, आणि तू इथे आरसा पुसत बस."

"टोपली जाईल विलायतेला," दुवी म्हणाला. "तोंड माझ्या घरी आहे."

लोक हसले. दुवीने हे वाक्य पुढे कितीतरी दिवस पुरवून पुरवून वापरलं. पुढच्याच उन्हाळ्यात तापाची साथ आली आणि वहीबा चार दिवसांत गेली. त्यांची लेक शफीका तेव्हा नुकती धरून उभी राहायला लागली होती.

दुवीने दुसरं लग्न केलं नाही. लोक आडून सुचवायचे, तो ऐकू न आल्यासारखं करायचा. पोरीला त्याने वाढवलं, लग्न लावून दिलं, पण शेजारच्याच घरात, म्हणजे भिंतीवरून हाक मारता येईल इतपत. डोळे मिटले की वहीबा समोर यायची, तेवढ्यावर त्याचं भागायचं. मग एके सकाळी कणकेचे गोळे उन्हात मांडताना शफीकाने सहज विचारलं, "बाबा, माझे डोळे आईसारखे आहेत का हो? काकू म्हणते नाहीत."

दुवीने तोंड उघडलं आणि त्याला काही आठवेना. आवाज आठवला. तुरुतुरु चाल आठवली. हनुवटीवरचं हिरवं गोंदण आठवलं, पण त्याच्याभोवती चेहरा जमेना. डोळे मिटून पाहिलं, उघडून पाहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. आपल्या माणसाला दुसऱ्यांदा पुरावं तसं त्याला झालं. त्याचं जेवण तुटलं.

त्याच सुमारास खवागे कामाला आले की जिथे उतरायचे ते घर बंद होणार अशी बातमी आली. तिथे इतकी वर्षं ठेवलेल्या फोटोंच्या काचा पेट्यांत भरून बोटीने जाणार होत्या. म्हातारा झालेला बिशाराच त्या भुशात रचत होता.

"चला ना मग, बिशाराकाकांना सांगू, आईची काच काढा म्हणून," शफीका म्हणाली.

"त्यात तोंड नाही तिचं. मी पडू दिलं नाही."

"ठाऊक आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण एवढा वेळ झोत फिरवत होतात. एखाद्या वेळी हात चुकला नसेल कशावरून?"

ज्या हाताची आयुष्यभर फुशारकी मारली, तो हात एकदा, फक्त एकदा, चुकलेला असू दे, असं दुवी वाटभर अल्लाकडे मागत होता. थडग्यांच्या दारांवरून जाताना त्याने नेहमीसारखी मान वळवून आत पाहिलं नाही. शफीका पुढे चालली होती, तुरुतुरु.

बिशाराने पेट्या उपसून काच शोधली आणि खिडकीशी धरली. काचेवर सगळं उलटं असतं. जिथे ऊन पडलं ते काळं, जिथे पडलं नाही तिथे कोरी काच. भिंत काळीभोर होती, हात काळे होते. दुवी आणखी पुढे सरकला. जिथे वहीबाचा चेहरा असायला हवा तिथे काच स्वच्छ होती, आणि तिच्यातून अंगणातलं बिशाराचं गाढव खांबाला पाठ घासताना दिसत होतं.

"नाही चुकला," दुवी म्हणाला.

"थांबा, कागदावर उतरवतो," बिशारा म्हणाला. "काचेवर काय कळतंय."

त्याने कागद काचेखाली दाबून उन्हात ठेवला. तिघं अंगणात बसून राहिले. बिशाराने चहा दिला, तो दुवीच्या हातातच गार झाला. कागद पाण्यातून काढून वाळवल्यावर सगळं सुलट झालं. भिंत लख्ख, तिच्यावरचे मेलेले राजेरजवाडे लख्ख. टोपली लख्ख, टोपलीवरचे दोन हात लख्ख, नखांतलं पीठसुद्धा दिसेल इतके. आणि वर ओढणीत काळोख. उजळ भिंतीपुढे डोक्याचा नुसता आकार, कात्रीने कापल्यासारखा.

"बाकी बसल्या छान हो वहिनी," बिशारा हलकेच म्हणाला. "ताया दहा वेळा खाजवायचा, फोटोत त्याची कड नेहमी फुटलेली. ही कड बघा. एवढ्या वेळात मान तसूभर हलवली नाही त्यांनी."

"ती?" दुवी म्हणाला. "ती कधी बसायची नाही अशी."

शफीका कितीतरी वेळ कागद तिरपा करून बघत होती. आईच्या नाकाच्या टोकावर तिने हळूच बोट ठेवलं. मग म्हणाली, "बाबा, ही पेटीकडे बघत नाहीये. भिंतीकडेपण नाही. नाक इकडे आहे बघा, या बाजूला. या बाजूला काय होतं?"

बिशाराने दुवीकडे पाहिलं आणि मान खाली घालून पेटीतला भुसा चाचपायला लागला.

"दार," दुवी म्हणाला.

"दारात कोण होतं?"

दुवीने कागद तिच्या हातातून घेतला आणि डोळ्यांपाशी नेला.

"मीच होतो," तो म्हणाला. "मला वाटलं, भिंत बघत असेल. ती माझ्याकडे तोंड करून बसली होती गं, एवढा वेळ, ऊन यायची वाट बघत. एकदा टाकलं असतं तर माझं काय जात होतं?"