ज्योतीला आणायला लंडनला

आखाडा बाळापूरच्या स्टँडवर मला पोचवायला निम्मी गल्ली आली होती. समोरच्या रेहाना भाभींनी शिदोरी बांधून दिली होती, जाऊबाईंनी ओटी भरली होती, आणि माझ्या थोरल्या दिरांनी, ज्यांना घरात सगळे दादा म्हणतात, नांदेडची बस लागायच्या आत मला चारचौघांदेखत काम सांगितलं. "पोरगी एकटी राहती तिथं. तुमी डोळ्यानं बघा. खर्च काय, धोका काय. जमंल असं वाटलं तर राहू द्या. न्हाई तर तिला संगंच घेऊन या."

आमची लेक ज्योती नांदेडला नर्सिंग शिकली आणि सव्विसाव्या वर्षी लंडनच्या एका वृद्धाश्रमात नोकरीला लागली. त्याला अकरा महिने झाले होते. तिचं लग्न झालेलं नव्हतं. झालं असतं तर ही चौकशी तिच्या सासरच्यांनी केली असती. आमच्या ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून कामगिरी माझ्यावर आली. मी डोंगरकड्याच्या शाळेतून रिटायर झालेली मास्तरीण, इंग्रजी दोन वाक्यांपुरतं. तिकीट ज्योतीनंच पाठवलं होतं. आपल्याला परत न्यायला येणाऱ्या माणसाचं तिकीट आपणच काढतोय, हे त्या लेकराला ठाऊक नव्हतं.

मुंबईच्या विमानतळावर पासपोर्ट बघणाऱ्या साहेबांनी विचारलं, हिंगोली म्हणजे कर्नाटकात का? आमचा जिल्हा परभणीतून वेगळा होऊन चारपाच वर्षंच झाली होती, त्यामुळे राग गिळला आणि परभणीच्या बाजूला म्हणून सांगितलं. परभणी त्यांना ठाऊक होती असं काही वाटलं नाही.

लंडन पहिल्यांदा दिसलं ते ढगांच्या खालून. लालसर विटांची, एकमेकांना खेटलेली, उतरत्या छपरांची घरं, आणि कुठेही गच्ची नाही. ही माणसं पापड-कुरडया कुठे वाळवत असतील, हा माझा लंडनविषयीचा पहिला विचार. ज्योती बाहेर उभीच होती. वाळली होती. मी तिला जवळ घेतलं तर आजूबाजूचं कुणी बघतसुद्धा नव्हतं, आणि तेच मला चमत्कारिक वाटलं.

विमानतळावरच मी प्रत्येक आकड्याला ऐंशीनं गुणायला लागले. पौंड तेव्हा ऐंशीच्या आसपास होता आणि चौथीच्या वर्गाला जन्मभर पाढे शिकवलेल्या बाईला ही खोड लागायला वेळ लागत नाही. रेल्वेचं तिकीट, गुणिले ऐंशी. पाण्याची बाटली, गुणिले ऐंशी. ज्योती म्हणाली, "आई, गुणू नको. गुणत बसलीस तर इथं पाणीबी पिणार न्हाई तू."

तिची खोली पूर्व लंडनमध्ये एका तीन मजली घरात होती. भाडं पंचाहत्तर पौंड, असं तिनं वाटेत सांगितलं होतं. महिन्याला सहा हजार रुपये! माझी सगळी पेन्शन त्यात गेली असती, तरी मी म्हटलं, लंडन आहे, चालायचंच. खोलीत पोचून बघते तर एक पलंग, एक कपाट आणि त्यांच्या मधे एका माणसानं तिरपं होऊन जायची वाट. मी म्हटलं, एवढ्याशा खुराड्याला महिन्याला सहा हजार म्हणजे लूट आहे. ज्योती पायातले बूट काढत होती. "महिन्याला न्हाई आई. आठवड्याला." मी पलंगावर बसले. ज्या गावात भाडं आठवड्यानं मोजतात, त्या गावात माणूस महिनाभर जगतो कसा, ते मला कळेना.

त्या घरात सात खोल्या, सात कुलपं आणि एक स्वयंपाकघर. फ्रिजमध्ये प्रत्येकाचा कप्पा वेगळा, दुधाच्या बाटलीवर सुद्धा खोलीचा नंबर चिकटवलेला. ज्योती अकरा महिने तिथं राहत होती आणि तिला एकाचंही नाव माहीत नव्हतं. वरचा तो खोकणारा, खालचा तो सायकलवाला, समोरची ती घानाची बाई, सकाळी ऑफिसं झाडायला जाते. बस्स. बाळापुरात नवा बिऱ्हाडकरू आला की सूर्य मावळायच्या आत त्याच्या आजोळापर्यंतची माहिती गल्लीला असते. मी हे म्हणाले तेव्हा ज्योती हसली नाही.

उलट तिनं मला नियम सांगितले. दार वाजलं तर उघडायचं नाही. पर्स पोटाशी धरायची. रस्त्यात कुणी वेळ विचारली तर थांबायचं नाही. कुणाकडं टक लावून बघायचं नाही. आणि गळ्यातलं काढून ठेवायचं. मी म्हटलं, मंगळसूत्र मी काढणार नाही. मग तिनं माझ्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि वर स्वेटरची बटणं लावली. एप्रिल महिना होता, आमच्याकडे त्या दिवसांत माठातलं पाणीसुद्धा कोमट लागतं.

तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात भाकरी थापल्या. येसर (आमटीचा भाजका मसाला) मी घरून नेला होता. आमटीला उकळी आली आणि छताला लावलेलं धूर ओळखणारं एक यंत्र असं बोंबलायला लागलं की सातही खोल्यांची माणसं पहिल्यांदा एका जागी जमली. वरचा खोकणाराही आला. कोणी रागावलं नाही, पण कोणी कुणाशी बोललंही नाही; ज्योतीनं पुठ्ठ्यानं वारा घातला, यंत्र थांबलं, सगळे परत गेले आणि सात दारं लागली.

आता माझ्या हातून घडलेलं सांगते. ज्योतीची ड्यूटी त्या आठवड्यात तीनला सुटायची. खालच्या दाराची किल्ली ती घेऊन जायची. खोलीची एकच किल्ली होती, ती माझ्याजवळ ठेवायची आणि "मी येईपर्यंत बाहेर पडू नको" म्हणायची. पाचव्या दिवशी मला तो कोंडवाडा सहन होईना. तिच्याबरोबर जाऊन भाजीबाजार बघून ठेवला होता, रस्ता सरळ होता. पण ज्योती आधी आली तर बाहेर ताटकळेल. मग आपण काय करतो? बाहेरगावी जाताना किल्ली शेजारी देतो. आमची किल्ली रेहाना भाभींकडे आणि त्यांची आमच्याकडे, हे माझं लग्न होऊन आल्यापासून चालू आहे. किल्ली सोबत घेऊन गेलं तर शेजारणीला राग येतो, माझ्यावर भरवसा नाही का म्हणून.

मी समोरचं दार वाजवलं. घानाची बाई माझ्याच वयाची, उंच, डोक्याला रुमाल. मी तिच्या हातात किल्ली ठेवली आणि म्हणाले, "माय डॉटर कम, यू गिव्ह." ती कितीतरी वेळ किल्लीकडे आणि माझ्याकडे बघत राहिली. मी तिचं नाव विचारलं. ग्रेस.

बाजारातून मेथीची जुडी घेतली. तिचा भाव गुणून मी दुकानदाराला मराठीत दोन शब्द सुनावले. एक फ्लॉवर घेतला आणि कुणालाही वाट न विचारता परत आले, म्हणून स्वतःवर खूष होते. दार ज्योतीनं उघडलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ग्रेस तिच्यामागे जिन्यावर कामाच्या कपड्यांत बसलेली होती.

ज्योती ग्रेससमोर काही बोलली नाही. वर आल्यावर दार लावून तिनं घरमालकाला फोन केला. तासाभरात कुलूपवाला आला आणि त्यानं साठ पौंडांना कुलूप बदललं. ग्रेसच्या दाराची फट उघडी होती. ती ते सगळं बघत होती, आणि मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

"एवढं काय झालं?" मी शेवटी म्हणाले. "शेजारीण हाय ती."

ज्योती कपाटाला टेकून उभी होती. मग तिनं सांगितलं. जानेवारीत इथं संध्याकाळी पाचलाच काळोख होतो. बसमधून उतरून घराकडे येताना दोघांनी तिची पर्स ओढली, ती सोडेना म्हणून ढकलून दिलं. मनगट मुरगळलं, हनुवटी फुटली. ती तशीच घरी आली, दार लावलं आणि दोन दिवस या पलंगावर पडून राहिली. या घरातल्या कुणालाही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी रविवार होता. तिनं नेहमीसारखा घरी फोन केला. मी तिला काय जेवलीस म्हणून विचारलं होतं, आणि तिच्या आवाजावरून म्हटलं होतं की सर्दी झालीय वाटतं, काढा घे.

तिच्या हनुवटीवरचा बारीक व्रण मी पाच दिवस बघत होते आणि मुरुमाचा डाग समजत होते. मी उठले, कपाटावरची तिची बॅग खाली ओढली आणि तिच्या कपड्यांच्या घड्या घालायला लागले. दादांनी सांगितलेलं सगळं तिला सांगून टाकलं. खर्चाचं राहू दे, पण आता तू माझ्यासंगं येतीस, ह्यात वाद नको.

तिनं मला अडवलं नाही. म्हणाली, "नांदेडला तीन वर्षं अप-डाऊन केलं मी. त्या बसमधी रोज कुणाचा तरी हात असायचा, आई. मी मुठीत पिन धरून उभी ऱ्हायचे. तुला कधी सांगितलं?"

"काहून न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर कॉलेज बंद झालं असतं. आज इथलं सांगितलं, तर तू बॅग काढलीस."

मी हातातला कुर्ता तसाच मांडीवर घेऊन बसले. थोड्या वेळानं ज्योतीनं मेथी निवडायला घेतली आणि मीही खाली बसले.

दुसऱ्या दिवशी भाकरी आणि आमटी घेऊन ग्रेसकडे गेले, ज्योतीला सोबत घेऊन, कारण माफी मागण्याएवढं इंग्रजी माझ्याकडे नव्हतं. ग्रेस म्हणाली की तिला या शहरात चौदा वर्षं झाली, पण दुसऱ्या कुणाची किल्ली कधी हातात आली नव्हती. दुपारी तिला अजून एक ऑफिस झाडायचं होतं. किल्ली जबाबदारीची म्हणून ती ज्योतीची वाट बघत जिन्यावर बसली आणि तिचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. हे ऐकून ज्योती रडली. नव्या कुलपाची किल्ली तिनं ग्रेसला दिली का? नाही दिली. पण दोघींनी फोन नंबर घेतले, आणि त्यानंतर सकाळी जिन्यात ग्रेस तिला नावानं हाक मारायची.

उरलेले पाच आठवडे मी राणीचा वाडा, नदी, घड्याळाचा मनोरा सगळं बघितलं. नदीचं पाणी आमच्या कयाधूच्या पुरासारखं गढूळ होतं आणि तिच्या काठी कॉफीच्या एका पेल्याला जेवढे पैसे घेतात तेवढ्यात आमच्याकडच्या जवळा बाजार गावात आठवड्याचा बाजार होतो. मी ज्योतीला बघत होते. ती रस्ता ओलांडायची, बस बदलायची, वृद्धाश्रमातल्या गोऱ्या म्हाताऱ्यांना दटावायची. एका रविवारी कुणाला न विचारता आम्ही दोघी समुद्रावर जाऊन आलो. तिकडे जायचं म्हणून तिनं कुणाला फोन केला नाही, कुणाची परवानगी काढली नाही. बॅग मी तिच्या नकळत परत कपाटावर ठेवली होती.

परतताना माझ्या शेजारची जागा मोकळी होती. विमानात मी उत्तर पाठ करत आले.

बाळापूरला पोचले त्याच संध्याकाळी आमच्या ओसरीत सगळे जमले. दादा खुर्चीवर, पुरुष मंडळी सतरंजीवर, आणि जाऊबाई, रेहाना भाभी, गल्लीतल्या बाकीच्या बायका आतल्या दाराशी. ज्योती का आली नाही, हे विचारायच्या आधी दादांनी खर्च विचारला. भाडं आठवड्याचं असतं म्हटल्यावर सगळ्यांनी कपाळाला हात लावले. मेथीचा भाव ऐकून कुणीतरी म्हणालं की यंदापासून मेथी लंडनलाच नेऊ. हसून झालं. मग दादा खुर्चीत पुढं सरकले.

"खर्चाचं जाऊ द्या. पोरीच्या जिवाला धोका किती हाय, ते सांगा."

मी पदर सारखा केला. "आपल्या नांदेडच्या बसमधी जेवढा हाय, तेवढाच हाय, दादा."

दादांचा चेहरा एकदम सैल झाला. मग काही तकलीफ न्हाई, राहू द्या पोरीला, असं ते म्हणाले. आमच्या ह्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि सतरंजीवरच्या सगळ्यांनी समाधानानं माना डोलावल्या.

आतल्या दाराशी बसलेल्यांपैकी एकीनंही मान हलवली नाही. जाऊबाई हातातल्या बांगड्या मागंपुढं करत खाली बघत राहिल्या. रेहाना भाभी सरळ माझ्याकडे बघत होत्या. मी त्याच नांदेडच्या बसनं एकतीस वर्षं डोंगरकड्याला शाळेत गेले होते, आणि रोज घरी आल्यावर बसला उशीर झाला की नाही, एवढंच सांगितलं होतं.