सुमित्राच्या एकोणतीस वह्या

सुमित्रा चौलकर रागावली की आवाज चढवत नसे, पेन्सिलीला टोक काढत बसे. उद्योग भवनातल्या तिच्या सेक्शनमध्ये हे शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. “मॅडम पेन्सिल छील रही हैं,” असं कुणी कुजबुजलं की जो तो मुकाट्याने आपल्या टेबलाशी जाऊन बसे. तीस वर्षं ती स्टेनो होती. कितीतरी साहेबांचं बोलणं तिने शॉर्टहँडमध्ये उतरवलं, पण कुणाचा एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. १९८७ च्या जुलैत मात्र ती नेताजी नगरच्या आपल्या क्वार्टरमध्ये बसून एकामागून एक सहा पेन्सिलींना टोकं काढत होती, ती कुठल्या साहेबासाठी नव्हे. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यासाठी काढत होती.

सुमित्रा मूळची अलिबागजवळच्या चौलची. तिच्या गावात रामदास बोटीचं नुसतं नाव काढलं तरी बायका हातातलं काम खाली ठेवत. सतरा जुलै १९४७, गुरुवार. दिव्यांच्या अवसेला घरी पोचावं म्हणून माणसं सकाळी मुंबईहून रेवसच्या बोटीत बसली, आणि भर पावसाळी समुद्रात काशाच्या खडकाजवळ ती बोट काही मिनिटांत कलंडून तळाला गेली. सहाशेच्या वर माणसं गेली. त्यांत सुमित्राचा विष्णूदादा होता. वीस वर्षांचा, गिरगावातल्या एका छापखान्यात कामाला. त्याचं पत्र दोनच दिवस आधी आलं होतं. ‘मी आणि सूर्यकांत गुरुवारच्या बोटीने निघतो. आईसाठी पितळी लामणदिवा घेतला आहे, अवसेला तोच लावायचा.’

विष्णूचा देह मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी दारात आला तो सूर्यकांत आगाशे, गावातलाच, विष्णूच्याच खोलीवर राहणारा. अंगावर कुणाचं तरी धोतर, कोपर खरचटलेलं. आईने विचारलं, “तू होतास ना रे त्याच्यासोबत?” सूर्यकांतने होकारार्थी मान हलवली. शेवटपर्यंत विष्णूचा हात आपण धरून ठेवला होता, लाटेने तोडला तेवढाच, असं त्याने सांगितलं. अकरा वर्षांची सुमित्रा खांबाला धरून ऐकत होती. तिच्या डोळ्यांपुढे त्या दिवसापासून एकच गोष्ट राहिली. समुद्राच्या तळाशी, चिखलात, दादाचा लामणदिवा. लाकूड कुजतं, कपडे कुजतात, पितळ कुजत नाही, हे तिचं तिनेच ठरवून टाकलं.

ज्याने आपल्या मुलाचा हात शेवटपर्यंत धरला त्याला काय द्यावं, हा प्रश्न वडिलांना पडला आणि त्यांनी अलका दिली. अलका सुमित्राची थोरली बहीण. तिला अलिबागला जाऊन शिक्षिका व्हायचं होतं. ते राहिलं आणि ती सूर्यकांतच्या बदलीबरोबर दिल्लीत, सरोजिनी नगरच्या दोन खोल्यांत आली. माणूस हातही उगारत नसे. त्याला त्याची गरजच नव्हती. आमटीत मीठ कमी पडलं, शर्टाचं बटण तुटलं, अलकाने माहेरी जायचं नाव काढलं, की त्याचं एकच वाक्य तयार असे. “तुझ्या भावापायी मी मरणाच्या दारात उभा होतो, अलका.” यावर काय बोलणार? अलका गप्प बसायला शिकली आणि पुढे तिला तेच सोयीचं वाटू लागलं.

सुमित्रा १९५७ साली स्टेनोची परीक्षा पास होऊन दिल्लीला आली ती या बहिणीकडेच. भाऊजींची तोवर मराठी मंडळींत ख्याती झाली होती. दर वर्षी आषाढातल्या अवसेला तिथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं जमत आणि सूर्यकांतराव रामदास बोटीची गोष्ट सांगत. शेजारपाजारच्या हिंदी लोकांचा श्रावण पंधरा दिवस आधीच लागलेला असे. ते सोमवार धरून बसलेले आणि आपली मंडळी गटारीच्या बेतात, असा तो सगळा मामला. सूर्यकांतराव बोलत मात्र झकास. भरभर आणि स्पष्ट. सुमित्राला मराठी शॉर्टहँडचा वेग वाढवायचा होता, म्हणून १९५८ साली तिने हौसेने ती गोष्ट उतरवून घेतली. पुढच्या वर्षी पुन्हा, मग सवयच लागली. दर वर्षाची एक वही, वर तारीख. वेग मिळाला तशा वह्या ट्रंकेत गेल्या. त्यांत काय आहे हे बघायची तिला कधी गरज पडली नाही.

मग १९८५ साली टायटॅनिक सापडली. अटलांटिकच्या तळाशी उभ्या असलेल्या त्या बोटीचे फोटो बघायला दिल्ली नुसती वेडी झाली. अलकाची मुलगी वृंदा कुठूनसं परदेशी मासिक घेऊन आली. ही दिल्लीतच वाढलेली. “मावशी, बघ ना यार, कप-बश्यासुद्धा तशाच आहेत,” म्हणाली. सुमित्राने ते पान भिंग लावून पाहिलं. पंचाहत्तर वर्षांनी कप राहतात, तर चाळीस वर्षांत दिव्याला काय धाड भरली आहे, असं तिच्या मनात आलं. बुडालेल्या बोटींवर मिळेल ते पुस्तक ती लायब्ररीतून आणून वाचत असे, ते या एका दिव्यापायी. कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते, म्हणून तिने सांगितलं नाही.

टायटॅनिकने भाऊजींची गोष्टही फुगली. १९८६ च्या अवसेला रामदासवरून होड्या खाली सोडल्या जाऊ लागल्या. “आधी बायका, आधी मुलं,” असं कुणी ओरडू लागलं. कोणी भजन म्हणू लागलं. पब्लिक डोळे पुसत होतं. सुमित्राला हसू येत होतं, पण म्हातारा होत चाललेला माणूस आहे, चालायचंच, असं म्हणून तिने सोडून दिलं.

सोडून देता आलं नाही ते पुढच्या वर्षी. चाळीस वर्षं झाली म्हणून मंडळ स्मरणिका काढणार होतं आणि तिच्यात सूर्यकांतरावांचा लेख पहिल्या पानावर होता. त्यांनी तो हाताने लिहून टाइप करायला दिला सुमित्राकडेच. “तुझ्याइतकं क्लीन काम कोण करतं,” म्हणाले. ती मशीनवर बसली आणि तिसऱ्या पानावर तिचे हात थांबले. तिथे लिहिलं होतं, ‘विष्णू भीतीने वेडा झाला होता. त्याने माझ्या गळ्याला मिठी मारली. तो मलाही घेऊन बुडाला असता. अखेर मन घट्ट करून मी त्याची बोटं एकेक करून सोडवली.’

चाळीस वर्षं हात धरला होता. आता बोटं सोडवली. मेलेल्या माणसाला भित्रा ठरवून हा स्वतःला मोठा करत होता, आणि तेही तिच्याकडून टाइप करवून घेत होता. सुमित्राच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने कागद मशीनमधून ओढून काढला, ट्रंक उघडली आणि रविवारची सगळी दुपार कूलरसमोर जमिनीवर बसून एकोणतीस वह्या वाचल्या.

१९५८ साली भाऊजींना रेवसच्या होडीवाल्यांनी काढलं होतं, १९७२ साली ते पोहत किनाऱ्याला लागले होते. विष्णूच्या अंगात तीन वह्यांत तीन रंगांचे सदरे होते. एवढ्याने काही होत नाही, माणसाची आठवण दगा देते, हे तिलाही कळत होतं. पण १९६३ च्या वहीत एक वाक्य होतं आणि ते अर्ध्यावर तुटलेलं होतं. दादरच्या क्लासातल्या मास्तरांनी तिला एक शिस्त लावली होती. साहेब खोकला तर खोकला लिहू नका, पण वाक्य सोडलं तर सोडलं तिथपर्यंत लिहा, कारण माणूस उगाच थांबत नाही. त्या शिस्तीने तिने लिहिलं होतं, ‘पहाटे विष्णूने मला हलवलं, मी म्हटलं तू हो पुढे, मी मागच्या’. त्याच्यापुढे एक आडवी रेघ. मग नवा परिच्छेद, ‘आम्ही दोघं धक्क्यावर पोचलो’. त्या वर्षी भाऊजी पाणी प्यायला थांबले होते, हेही तिला आता आठवलं.

ती दुसऱ्याच दिवशी रजा टाकून फरीदाबादला गेली. रिटायर झाल्यावर सूर्यकांतरावांनी तिथे घर बांधलं होतं. अलका भाजी आणायला गेली होती. सुमित्राने सरळ सांगितलं, “भाऊजी, ती मिठीची ओळ काढा.”

“का? खरं आहे ते.”

“मग १९६३ साली सांगितलंत त्यात तुम्ही मागच्या बोटीने का येणार होता?”

तिने वही पुढे धरली. त्यांनी चष्मा लावून त्या बारीक रेघा पाहिल्या आणि पोट धरून हसले. “या मुंग्या आहेत, सुमित्रा. कोण वाचणार? तुझं लग्न झालं असतं तर असले उद्योग सुचले नसते तुला.”

ओळ राहणार हे तिला कळलं. ती उठली आणि बहिणीची वाटही न बघता बसस्टॉपवर गेली. दादाच्या नावावरचा तो डाग छापला गेला असता तर कायमचा राहिला असता. तो पुसायचाच, आणि ज्या माणसांपुढे हा इतकी वर्षं टाळ्या खात आला त्यांच्यापुढेच पुसायचा, असं तिने बसमध्ये बसूनच नक्की केलं. लेख टाइप करायला वेळ लागतोय एवढं तिने मंडळाला कळवलं आणि पेन्सिलींना टोकं काढायला घेतली.

अवस त्या वर्षी शनिवारी होती. हॉल भरला होता. अलका नेहमीसारखी पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स ठेवून. सूर्यकांतराव पाऊण तास बोलले. होड्या सुटल्या, भजन झालं, आणि शेवटी विष्णूने मिठी मारली. मागे कुणीतरी हुंदका दिला. अध्यक्षांनी कुणाला काही विचारायचंय का म्हटलं, तेव्हा सुमित्रा कापडी पिशवी घेऊन उभी राहिली.

“विचारायचं नाही. वाचायचंय,” ती म्हणाली, आणि ऑफिसात मिनिट्स वाचतात त्याच सुरात वाचू लागली. आधी तारीख, मग वाक्य. बासष्ट साली काय म्हणाले, अडुसष्टला काय म्हणाले. तिसऱ्या वहीला लोक हसले. सातव्या वहीला हसणं बंद झालं. सूर्यकांतराव म्हणाले, “अच्छा, पुरे आता, सगळे घरचेच आहेत.” ती थांबली नाही. तिला त्यांना थांबताना बघायचं होतं. एवढी वर्षं तिच्या बहिणीला त्यांनी एका वाक्यात गप्प केलं होतं, आज तिला त्यांना तसंच गप्प करायचं होतं, आणि त्यात तिला चांगलं वाटत होतं, खूप चांगलं वाटत होतं. सर्वांत शेवटी तिने त्रेसष्ट सालची वही काढली. तुटलेलं वाक्य वाचलं, रेघेपाशी थांबली आणि नवी वही उघडून पेन्सिल टेकवली.

“मागच्या,” ती म्हणाली. “पुढे काय, भाऊजी? मागच्या बोटीने?”

सूर्यकांतरावांनी ग्लास उचलला. तो रिकामा होता. मग ते माइकपासून दूर, पहिल्या दोन रांगांनाच ऐकू जाईल इतकं हळू बोलले.

“आदल्या रात्री प्यालो होतो. जाग आली नाही. दोन दिवसांनी घरी गेलो तर तुमच्या आईने विचारलं, सोबत होतास ना. त्या डोळ्यांपुढे नाही म्हणवेना. मग एकदा हो म्हटल्यावर...”

“बोटीवर नव्हता तुम्ही,” सुमित्राने लिहिता लिहिता विचारलं.

“नव्हतो.”

झालं. तिला हवं होतं ते कागदावर आलं. दादाने कुणाला मिठी मारली नव्हती. आता तिने वही मिटायची आणि घरी जायचं, एवढंच राहिलं होतं. तेव्हा अलका पहिल्या रांगेतून उठली. तिने पर्स खुर्चीवर ठेवली.

“आणि लामणदिवा?” अलकाने विचारलं.

सूर्यकांतरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही. “तो खोलीवर राहिला होता. विष्णू म्हणाला, तू मागून येतोच आहेस तर दिवा तू आण, माझे हात भरलेत.”

“मग आणलात का नाही?”

“कसा आणणार? बुडता बुडता वाचलेल्या माणसाच्या हातात दिवा कसा असेल? तुमच्या दारात शिरायच्या आधी गावाबाहेरच्या विहिरीत टाकला.”

सुमित्राची पेन्सिल थांबली. तीस वर्षांत कुणी बोलत असताना ती पहिल्यांदा थांबली. चाळीस वर्षं ती तो दिवा समुद्राच्या तळाशी, दादाच्या शेजारी ठेवत आली होती. त्याच विहिरीवरून ती लहानपणी पाणी भरायची.

“म्हणजे दादाजवळ काहीच नव्हतं,” अलका म्हणाली. “कोणीच नव्हतं.”

अध्यक्ष उठून उभे राहिले आणि परत बसले. सूर्यकांतराव पायऱ्या उतरून खाली येऊ लागले. “चल अलका, घरी बोलू,” म्हणाले. अलकाने त्यांची वाट अडवली. ती सत्तावन्न वर्षांची होती आणि चारचौघांत नवऱ्याशी बोलायची तिची ती पहिलीच वेळ होती.

“वर जा,” ती म्हणाली. “दिवा तुम्ही आईने विचारायच्या आधीच टाकलात. पहिल्यापासून सांगा. आदल्या रात्रीपासून सांगा. आणि सावकाश बोला, सुमीला लिहून घ्यायचंय.”

सूर्यकांतराव वळून परत पायऱ्या चढले. सुमित्राने वहीचं पान उलटलं आणि वर तारीख घातली.