आत्याबाईंचा नवस आणि केळीची तुला

आधीच सांगून टाकते... भूत, भानामती, अंगात येणं, नजर लागणं यातल्या कशावरही माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी बुऱ्हाणपुरात शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. तरफ आणि तराजूचा धडा तर मी दरवर्षी पट्टी न् खोडरबर घेऊन करून दाखवते. त्यामुळे घडायचं ते माझ्याच बाबतीत, आणि तेही तराजूवर घडावं, ही कोणीतरी केलेली माझी चेष्टाच वाटते. वाचून हसलात तरी चालेल, मीही हसते.

बुऱ्हाणपूर तेव्हा खंडव्यातून निघून नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. शनवारा भागात चहाच्या टपरीवर जो तो नवीन ऑफिसं कुठे होणार यावर वाद घालायचा. मी मात्र लोधीपुऱ्यातल्या आमच्या घरात भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. काय झालं होतं म्हणाल, तर सांगण्यासारखं काहीच नाही. कोणी गेलं नव्हतं, घरात भांडण नव्हतं. एक दिवस शाळेत फळ्यासमोर उभी राहिले आणि खडू उचलावासा वाटला नाही. मग दात घासावेसे वाटेनात, मग जेवावंसं वाटेना. शेवटी आमच्या ह्यांनी मला जळगावला डॉक्टरांकडे नेलं. सोबत सासूबाई होत्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. डॉक्टरांच्या काट्यावर मी उभी राहिले तर बेचाळीस किलो. आत्याबाईंनी तो आकडा ऐकला आणि पदर तोंडाला लावला.

डॉक्टर म्हणाले, डिप्रेशन आहे, गोळ्या घ्याव्या लागतील. आत्याबाई जवळच्याच शाहपूरच्या, केळीच्या बागायतीत आयुष्य गेलेली बाई. शेजारणी ‘बाहेरचं काही असेल’ म्हणून कानाशी लागल्या तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं, “आधी डॉक्टरची गोळी, मग बाकीचं.” पण बाकीचंही त्यांनी सोडलं नाही हे मला फार उशिरा कळलं.

गोळ्यांनी मला उठवलं, हे मी कबूल केलंच पाहिजे. काही महिन्यांनी मी परत शाळेत उभी राहिले. पण भूकही उठली! रात्रीची उरलेली खिचडी, मुलांच्या डब्यातली पोळी, दराब्याच्या मिठाईचा अख्खा डबा... काहीच पुरेना. दीड-दोन वर्षांत माझी जुनी ब्लाउजं पोतेरी झाली. शाळेतल्या बायका ‘तब्येत छान झाली हं’ म्हणायच्या तेव्हा मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटायचं. मी वजन करणंच सोडलं. डॉक्टरांकडे काट्यावर उभी राहायचे, पण डोळे मिटून. आकडा मला सांगू नका, असं मी त्यांना बजावूनच ठेवलं होतं.

मग डॉक्टर म्हणाले, आता गोळी कमी करायची, पण हळूहळू. अर्धी, मग पाव, मग एक दिवसाआड. (हे वाचून कोणी आपल्या मनानं गोळ्या बंद करू नका, हात जोडून सांगते.) ते दिवस माझी परीक्षा पाहणारे होते. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका यायचा. उगाच रडू यायचं, उगाच चिडचिड व्हायची, ह्यांच्या चपला दारात वाकड्या दिसल्या तरी मी ओरडायची. आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे... ही गोळी सुटली की मी परत त्या भिंतीकडे तोंड करून पडणार. शेवटची पाव गोळी सुरू होती. सुटेल की नाही, हे मलाच ठाऊक नव्हतं.

नेमकं तेव्हाच, चैत्रातल्या नवरात्रात, आत्याबाईंचा शाहपूरहून निरोप आला. अष्टमीला या, तुझी तुला आहे.

“कसली तुला?” मी ह्यांना विचारलं.

हे खाली बघत म्हणाले, “अगं, आईनं तेव्हा देवीला नवस बोलला होता. बेचाळीस किलोची सून आहे माझी, हिचं अंग भरू दे, मी हिच्या भारोभार केळी वाहीन म्हणून.”

मी हबकले. अहो, ज्या वजनापायी मी आरशासमोर उभी राहत नव्हते, ते वजन आत्याबाईंच्या हिशेबी देवीची कृपा होती! गोळीचा साइड इफेक्ट देवीच्या नावावर जमा झाला होता. आणि आता ते अख्ख्या गावासमोर, काट्यावर, केळीच्या घडांनी मोजलं जाणार होतं.

मी नाही म्हणाले. रडले. आदळआपट केली. शेवटी फोनवर आत्याबाई एवढंच म्हणाल्या, “पोरी, मी बोलून बसली वं. तू नाही आली तं देवीले काय सांगू?” त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मी ‘येते’ म्हणून टाकलं.

अष्टमीला देवीच्या देवळासमोर चिंचेच्या झाडाखाली लाकडाच्या तीन उंच बल्ल्या उभ्या करून दांडीचा मोठा काटा टांगला होता. दोन्हीकडे साखळ्यांनी बांधलेले लाकडी पाट. एकावर रांगोळी काढून लाल कापड अंथरलं होतं, ते माझ्यासाठी. बाजूला केळीचे घड रचलेले, हळदकुंकू लावलेले. मंडीतला तुलावटी काशीरामदादा मापं घेऊन आला होता. केळी तोलण्यात त्याची हयात गेलेली. सकाळची वेळ, ऊन चढत होतं आणि निम्मं शाहपूर जमलेलं.

मी पाटावर मांडी घालून बसले. पाट जमिनीला टेकला तसं मागून कोणीतरी खुदकन हसलं. मी डोळे मिटून घेतले. काशीरामदादानं समोरच्या पाटावर पहिला घड ठेवला, मग दुसरा. तिसरा ठेवला... आणि माझ्या खालचा पाट उचलला गेला.

मला वाटलं डोक्यातला झटका आहे. डोळे उघडले तर मी अधांतरी! दांडी सरळ रेषेत. एकीकडे मी, दुसरीकडे केळीचे तीन घड, दोघंही सारखे.

“काटा अडकला,” काशीरामदादा म्हणाला. मला उतरवलं. त्यानं तेच तीन घड मापांनी तोलले. बरोबर बेचाळीस किलो. मग हे स्वतः माझ्या पाटावर बसले. तीन घडांना पाट हलायला तयार नाही. हे उठले, काशीरामदादानं साखळ्या झटकल्या, दांडी चाचपली. “एकदम बराबर आहे बुवा,” तो पुटपुटला. मला परत बसवलं. मी बसले आणि परत तेच... पाट सावकाश वर आला आणि तीन घडांच्या समोर जाऊन थांबला.

विज्ञानाची बाई म्हणून मी काय शोधत होते माहीत आहे? खाली कोणी हात लावलाय का, ते. कोणीच नव्हतं. सगळे चार हात लांब उभे होते.

आणि मग आत्याबाईंनी तो आकडा ऐकला. त्यांचा चेहरा पार उतरला. “बेचाळीस?” त्या देवीकडे बघत म्हणाल्या. “तेव्हाची बेचाळीस, आजची बी बेचाळीस? म्हंजे माही पोर बरी झालीच नाही का वं माय? मले वरवरचीच भरलेली दिसली का?” आणि त्या मटकन खाली बसून रडायला लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना मोठ्यानं रडताना पाहिलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ती नजर मला ठाऊक होती. आजारी बाईकडे बघतात ती नजर. डोक्यात एक जबरदस्त झटका आला. त्या क्षणी मला खरंच वाटलं की काटा खरं बोलतोय, मी अजून तीच आहे, पाव गोळी सुटली की परत भिंतीकडे तोंड. माझ्या मनातली भीती कोणीतरी चिंचेच्या झाडाखाली टांगून दाखवत होतं.

आणि मला राग आला. असा राग मला त्या दोन-तीन वर्षांत आला नव्हता. चिडचिड वेगळी, हा राग वेगळा. इथपर्यंत यायला मी काय काय सोसलं, ते या लाकडाला काय माहीत!

“खोटं आहे!” मी वरूनच ओरडले. “आत्याबाई, रडू नका. मी बेचाळीसची नाही. माझं वजन चौऱ्याहत्तर किलो आहे! ऐकलं का सगळ्यांनी? चौऱ्याहत्तर! मी जेवते, मी झोपते, मी शाळेत जाते. काशीरामदादा, ठेवा अजून घड!”

काशीरामदादा वाकलाही नव्हता. कोणी कशाला हात लावला नव्हता. पण माझं बोलणं संपायच्या आत साखळ्या करकरल्या आणि माझा पाट धाडकन जमिनीवर आदळला. समोरचे तीन घड उसळून वर गेले, दोन केळी तुटून बायकांत पडली. माझं माकडहाड ठणकलं, ते पुढे आठवडाभर ठणकत होतं. एवढं खरं दुखणं, आणि ते मला चक्क आवडलं.

मग जो आरडाओरडा झाला! काशीरामदादा एकेक घड ठेवत गेला, बायका मोजत गेल्या. चौथा, पाचवा... माझा पाट मुजोरासारखा खालीच. शेवटी सुट्या फण्या टाकून दांडी सरळ झाली. मापं लावली, चौऱ्याहत्तर किलो. आत्याबाई डोळे पुसत उठल्या आणि गर्दीकडे वळून म्हणाल्या, “पाह्यलं का? माह्या सुनेले तीन घड पुरत नाही!” इतक्या ऐटीत म्हणाल्या, जणू मी परीक्षेत जिल्ह्यात पहिली आले होते. मी पाटावर बसल्या बसल्या हसले, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

आता खरी गंमत. मी चौऱ्याहत्तर हा आकडा आणला कुठून? मी तर दोन वर्षं वजन पाहिलंच नव्हतं! डॉक्टरांकडे पुढच्या खेपेला मी विचारलं, माझा कागद काढायला लावला. शेवटच्या भेटीत वजन तेवढंच होतं. डॉक्टर म्हणाले, कधीतरी कानावर पडलं असेल. असेल. पण काट्याचं काय? हे म्हणतात, साखळीचा पीळ अडकला असेल. मग ते स्वतः बसले तेव्हा का नाही अडकला, यावर ते विषय बदलतात. काशीरामदादानं तो काटा पुढे कित्येक वर्षं मंडीत वापरला, एकदाही चुकला नाही. मी वर्गात तरफेचा धडा घेताना मनातल्या मनात सगळी गणितं मांडून पाहिली. बसत नाहीत.

ती पाव गोळी महिन्याभरात सुटली. झटके हळूहळू थांबले. वजन पुढे चालून-बिलून थोडं उतरलं, फार नाही. वाईट दिवस आजही येतात, येतात आणि जातात, गरज पडली तर डॉक्टरांकडे परत जायला मला लाज वाटणार नाही. भिंतीकडे तोंड करून मात्र मी त्यानंतर पडले नाही.

देवीनं केलं का, माझ्या मनानं केलं का, का एका जुन्या काट्यानं दोनदा चूक केली... खरंच सांगते, मला माहीत नाही. मला फक्त तो ‘धाड’ आवाज माहीत आहे. अख्ख्या गावासमोर मी जमिनीवर आदळले होते, आणि इतकं जिवंत मला आधी कधीच वाटलं नव्हतं.