हवेतला दीड तास

भोपाळहून पुणं किती लांब, असं कुणी विचारलं की खानझोडे साहेब किलोमीटर सांगतच नसत. "एअरपोर्ट टू एअरपोर्ट दीड तास. बस!" म्हणत आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. पुण्याला त्यांचा मुलगा समीर असे.

कारखान्याच्या प्लॅनिंग विभागात मी त्यांच्या हाताखाली होते आणि टाऊनशिपमध्ये शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत होते. ऑफिसात वेळेच्या बाबतीत माणूस कर्दनकाळ. एखाद्या कामाला मशीन दोन तास चालणार असेल आणि मी जॉब कार्डावर दोनच तास लिहिले, तर ते कार्ड माझ्या टेबलावर परत आपटत. "और सेटिंग टाईम? लोखंड काय स्वतः चढून बसणार आहे मशीनवर? बांधायला वेळ लागतो, पोरी. तो आधी लिही." वीस वर्षं हेच ऐकलं.

पोराच्या बाबतीत मात्र सगळा नियम गुंडाळलेला. तिकीट मिळणं, विमानतळ गाठणं आणि मुळात पोराला यावंसं वाटणं, यातलं काहीच ते धरत नसत. समीर तीन दिवाळ्या आला नव्हता. "यायचं म्हटलं तर दीड तास," हे वर.

एका शनिवारी पहाटे साहेबांच्या पत्नीला, काकूंना, दवाखान्यात ठेवलं. मी म्हटलं, "साहेब, समीरला बोलवून घ्या."

"कशाला घाबरवून राहिली त्याला? डॉक्टरांनी बोलवा म्हटलं तर फोन करू. दीड तासात हजर."

काकू पडल्या पडल्या विचारायच्या, "निघाला का हो?" साहेब बिनदिक्कत सांगायचे, "बस, दीड तास." दोन दिवस सांगत होते. तेवढ्यात पोरगा रेल्वेनंसुद्धा पोचला असता. त्याचा नंबर माझ्याकडे होता. साहेबांचा शब्द मोडायची सवय नव्हती, म्हणून मी गप्प बसले. त्याबद्दल मला त्यांच्यापेक्षा स्वतःचाच राग जास्त येतो.

सोमवारी सकाळी सातला काकू गेल्या. मग फोन झाला. थेट विमानात जागा नव्हती, समीर दिल्लीवरून येणार होता. हॉलमध्ये बर्फाच्या लाद्यांवर काकूंना ठेवलं. साहेब चपला घालून दिवसभर दारात उभे. दुपार कलली तसे समोरचे तिवारीजी हळूच म्हणाले, "खानझोडे साब, सूरज ढलने से पहले निकलना पड़ेगा." साहेबांनी मान हलवली. अग्नी त्यांनीच दिला.

दिवे लागल्यावर समीरची टॅक्सी आली. रिकाम्या हॉलमध्ये अजून ओल होती. तो दारातच थबकला.

"आधी का नाही कळवलंत, बाबा? शनिवार-रविवार मी घरीच होतो. नुसता लोळत होतो."

साहेब माझ्याकडे वळले.

"कार्ड मी चुकीचं भरलं होतं, पोरी," ते म्हणाले. "तुला दिसत होतं ना? मग परत का नाही आपटलं?"