बकुळीपर्यंतची माती

जमीन बघायची तर हेमचंद्रकाका उभ्यानं बघत नसत. सरळ पोटावर आडवे होत, गाल मातीला टेकवत आणि एक डोळा मिटत. जबलपूरच्या सिविल लाइंसमधले बंगलेवाले घाबरून विचारत, "अंकल, तबीयत ठीक है?"

"माझी ठीक आहे जी. तुमच्या लॉनची बिघडली. पाणी घराकडे येऊन राहिलं."

फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी छोटा ट्रॅक्टर घेतला होता, बंगल्याच्या फाटकातून आत शिरेल एवढा. मागे जोडायला दोन अवजारं. एक रोटावेटर, माती खणून भुसभुशीत करणारा. दुसरं पेटीसारखं पातं. त्याचे दात उंचवटा खरवडत, माती पेटीत गोळा होई आणि खड्डा आला की तिथे उतरे. गिऱ्हाइकं रोटावेटरच मागत, कारण त्यात काम झाल्यासारखं दिसतं. काका ऐकत नसत.

"रोटावेटर फुलांच्या वाफ्याला. माणूस चालेल तिथे पातं. पायाखालची माती उठवायची नाही भैया, नुसती इकडची तिकडे करायची."

यावरून त्यांनी हातची कामं सोडलीत. आणि हाच नियम त्यांनी एकदा मोडला, तो स्वतःच्या अंगणात.

पनागर रस्त्याला त्यांचं घर. मागे लांबलचक अंगण, टोकाला सुनेत्राकाकूंनी लावलेली बकुळ. दिवाळीनंतर एका सकाळी काकू चक्कर येऊन तिथेच मुरमावर पडल्या. मांडीचं हाड मोडलं, कपाळाला सात टाके पडले. हृदय अशक्त, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन टाळलं. चाकांची खुर्ची आली.

जानेवारीत काकूंनी जाहीर केलं, "मला बकुळीपर्यंत जायचं आहे. एकटीनं. कोणी ढकलायचं नाही. श्रद्धा, तू पण नाही."

श्रद्धा त्यांची मुलगी, शाळेत शिकवते. मराठी सगळं कळतं, तोंडातून मात्र हिंदी येते. "और गिर गईं तो, आई?"

"तर पडीन. पाच महिन्यांची आहे का मी, सगळ्यांच्या कडेवर फिरायला?"

त्या पडल्या त्या सकाळी काकूंचं कपाळ मुरमावर आपटलेलं काकांनी ऐकलं होतं. चार दिवसांनी श्रद्धा शाळेतून आली तर अंगणात रोटावेटर फिरून राहिला होता.

"बाबा! आप? रोटावेटर?"

"मऊ करून राहिलो. पडली तर लागायला नको तिला."

मुरूम वीतभर खोल उठला. काकांनी त्यावर काळी माती पसरली, पातं फिरवलं, पोटावर झोपून तीनदा बघितलं. अंगण दिसायला गादीसारखं झालं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी ठेवणीतली साडी नेसली. ओट्याच्या उतारावरून खुर्ची झोकात खाली गेली.

"बघा, निघाली माझी गाडी! बाजूला व्हा हो, हॉर्न नाही हिला."

पाच-सात हात गेल्यावर चाकं रुतायला लागली. काकूंनी जोर लावला. चाकं आणखी खाली. काका धावले, तसा काकूंनी हात वर केला. "तिथेच थांबा." दोन्ही हातांनी रेटत, थांबत, धापा टाकत त्या आणखी थोड्या सरकल्या. मग खुर्ची हलेना. बकुळ अजून दहा पावलं लांब होती.

काकूंनी मान खाली घालून चाकांकडे बघितलं. "अहो, साऱ्या जबलपूरला सांगता, चालायच्या जागेला रोटावेटर नाही. मग माझ्या वाटेला काहून फिरवला?"

काकांनी कारण सांगितलं. काकूंनी चाकाला चिकटलेली माती बोटानं काढली. "पडायचीच तयारी करून ठेवली तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी तर जायला निघाले होते."

त्याच दुपारी काका ओमती भागातल्या वेल्डिंगवाल्याकडे गेले. माती दाबायला रोलर हवा होता, लोखंडी पिंप काँक्रीटनं भरलेलं. "चार दिन लगेंगे, काका." घरी येऊन म्हणाले, "रोलर येऊन राहिला. पाणी मारू, दाबू. आठ दिवसांत रस्ता करून देतो तुला, पक्का."

"चलो, आठ दिवस तर आठ दिवस," काकू म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्या पलंगाला टेकल्या आणि गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंच होतं, खुर्ची रेटण्याचा काही संबंध नाही. काकांनी हे त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

रोलर सांगितल्या दिवशी आला. तो आजही शेडमध्ये आहे, त्यावर मातीचा डाग नाही.

तेराव्याला मांडववाला म्हणाला, "अंकल, ये दो गड्ढे भर दूँ? कुर्सियाँ डगमगाएँगी." काकांनी मांडव रस्त्याच्या बाजूला घालायला लावला.

ओट्यापासून निघालेल्या त्या दोन चाकोऱ्या अंगणात तशाच आहेत. आता पावसाळ्यात त्यांत पाणी साचतं. दुसऱ्याच्या लॉनवर ओंजळभर पाणी साचलं तरी ज्याला चैन पडत नसे, तो माणूस रोज सकाळी उकिडवा बसतो आणि मगानं ते पाणी उपसतो. पाणी राहिलं तर काठ ढासळतात.

परवा श्रद्धा चहा घेऊन गेली. "बाबा, मिट तो जाएँगे ना कभी."

"मिटतील ना," काका म्हणाले आणि हातातला मग पुन्हा पाण्यात बुडवला. "तू तिकडून ये. काठावर पाय नको देऊ."