साहेबांबरोबर मीही हसलो

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. सत्तरच्या दशकात सोलापुरात मी शाळामास्तर होतो आणि लायसन्सच्या तोंडी परीक्षेत नापास झालो. माझ्याबरोबर वैरागचा एक ट्रकक्लीनरही नापास झाला. त्याला रस्त्यावरच्या सगळ्या खुणा पाठ होत्या, पण परीक्षा घेणाऱ्या साहेबांपुढे त्याची वाचा बसायची. फेरपरीक्षेपर्यंत त्यानंच ट्रकवरच्या धुळीत बोटानं खुणा काढून मला शिकवलं.

“गुरुजी, ह्ये वळण म्हंजी सासुरवाडीची वाट. दमानं जायाचं!”

फेरपरीक्षेत साहेबांनी त्याच्या बोलण्याची नक्कल केली. मीही मोठ्यानं हसलो. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग त्याला एकही खूण सांगता आली नाही.

बाहेर त्यानंच विचारलं, “तुमी पास झालाव न्हवं, गुरुजी?”

“माझं चुकलं रे” म्हणायला मी तोंड उघडलं, आणि “हो” म्हणालो.